बाबाने सांगितलं असतं तर

नववी-दहावीतल्या मुलांचे आई-बाबा पालकसभा संपली तरी मागे रेंगाळतात आणि हळू आवाजात विचारतात, 'मॅडम, त्याच्या दप्तरात "द काइट रनर" आहे. आम्ही चाळून पाहिलं. वाचू द्यावं का?' कोणी सातव्या प्रकरणापर्यंत जाऊन थबकलेलं असतं, कोणी नेटवर सारांश वाचून हबकलेलं असतं. एका आईने ते पुस्तक कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं. मुलाने त्याच आठवड्यात मित्राच्या मोबाइलवर त्यावरचा चित्रपट पाहिला. पण चोरून पाहिलेला, त्यामुळे घरी त्यावर कुणाशी बोलायची सोयच राहिली नाही.

माझं उत्तर सरळ आहे. पंधरा-सोळाच्या मुलाला वाचू द्या, सहावी-सातवीतल्याला थांबवा. आणि मुलाच्या आधी तुम्ही वाचा. मराठी अनुवाद आहे, वाचनालयात मिळतो. हे पुस्तक मुलांपेक्षा आई-बापांनी वाचायचं आहे, असं मला ते वाचताना दरवेळी वाटत आलं आहे. त्यातही बापांनी. ते का, हे सांगण्यासाठीच हे हितगुज.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण मुलं ती विचारतील. आपल्या मुलांना अफगाण म्हटलं की तीनच गोष्टी आठवतात: पानिपतावरचा अब्दाली, टागोरांचा काबुलीवाला आणि टीव्हीवरचे बंदूकधारी तालिबान. या तिघांच्या मधली घरंदारं, शाळा, सिनेमागृहं, सुट्टीत पतंग उडवणारी पोरं कुणाला दिसतच नाहीत. या कादंबरीचा लेखक खालिद हुसेनी त्याच घरादारांतला. जन्म १९६५ चा, काबूलचा. वडील परराष्ट्र खात्यात, आई मुलींच्या हायस्कूलमध्ये फारसी शिकवायची. १९७६ मध्ये वडिलांची बदली पॅरिसला झाली आणि हे कुटुंब तिकडे गेलं. मग १९७८ च्या एप्रिलमध्ये काबूलमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता उलथवली, १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा आत शिरल्या आणि परतीची वाट बुजली. १९८० मध्ये या कुटुंबाने अमेरिकेत आसरा घेतला. मुलगा शिकून डॉक्टर झाला. तालिबानने पतंगांवर बंदी घातल्याची बातमी त्याने १९९९ मध्ये टीव्हीवर पाहिली, त्यावर एक कथा लिहिली, आणि तिचीच पुढे कादंबरी झाली. ती २००३ मध्ये छापून आली.

आई शिकवत होती ते मुलींचं हायस्कूल लक्षात ठेवा. आज, २०२१ च्या ऑगस्टनंतरच्या अफगाणिस्तानात, मुलींची शाळा सहावीपाशी संपते. ज्या देशात पन्नास वर्षांपूर्वी बायका हायस्कूलात शिकवत होत्या त्या देशात हे घडलं. मुलीच्या आई-बापांनी आपल्या मुलीला एवढी एक गोष्ट सांगितली तरी इतिहासाच्या तासाला जे साधत नाही ते साधेल.

त्या जुन्या काबूलबद्दल मराठीतही चांगलं लेखन आहे, ते आपण विसरून गेलो आहोत. फिरोझ रानडे यांचं 'काबूलनामा' आणि प्रतिभा रानडे यांची 'अफगाण डायरी' ही पुस्तकं तिथे राहून आलेल्या मराठी माणसांची आहेत. कादंबरीनंतर मुलाच्या हाती ती द्या.

आता गोष्टीकडे येऊ. आमीर हा काबूलमधल्या बड्या घरचा एकुलता एक मुलगा. आई बाळंतपणातच गेली. वडील, ज्यांना तो बाबा म्हणतो, धिप्पाड, दानशूर, गावात दबदबा असलेला माणूस. घरच्या नोकराचा मुलगा हसन आमीरचा सवंगडी. नोकर अली आणि हसन हजारा जमातीचे, शिया. मालक पश्तून, सुन्नी. बाबाला आपल्यासारखा दांडगा, मैदान मारणारा मुलगा हवा होता, आणि आमीर निघाला पुस्तकात डोकं घालणारा. एके रात्री बाबा आपल्या मित्राशी, रहीम खानशी, बोलत असतो. हा माझ्याच बायकोच्या पोटी जन्माला आला हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर हा माझा मुलगा आहे यावर माझा विश्वास बसला नसता, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलून जातो. आमीर दाराआड उभा राहून ते ऐकतो.

पालकहो, इथे पुस्तक मिटून थोडं थांबा. आपण फोनवर मावशीशी, काकाशी मुलांबद्दल काय बोलतो? 'शेजारचा बघ, आणि आमचं ध्यान बघ.' 'त्याच्यात काही स्पार्कच नाही.' शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या कानात हेडफोन असतो, पण गाणं बंद असतं. मुलं आपलं बोलणं ऐकण्यात पटाईत असतात. तोंडावर रागावलेलं दुसऱ्या दिवशी विसरतात. तिसऱ्याला सांगितलेलं ऐकू आलं तर ते कोरलं जातं, कारण ते खरं असणार हे त्यांना कळतं.

या आमीरला बापाचं मन जिंकायची एक संधी मिळते: १९७५ च्या हिवाळ्यातली पतंगांची स्पर्धा. हा भाग आमच्या नाशिकच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. जिल्ह्यातल्या येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं. हातात मांजा गुंडाळायची आसारी, बोटांना पट्ट्या, काचेची पूड लावून सुतवलेला मांजा, आणि पतंग कापला की गच्चीगच्चीवरून उठणारं 'गई बोला'. कापलेल्या पतंगामागे काठीला काटेरी फांदी बांधून गल्लीबोळ तुडवणारी पोरं. काबूलमध्येही हेच. बोटं कापतात, कापलेला पतंग धावून पकडतात, आणि सगळ्यात शेवटी कापला जाणारा पतंग हाती लागणं ही तर मानाची गोष्ट. शीर्षकातला तो पतंगामागे धावणारा म्हणजे हसन. आकाशाकडे न बघता पतंग कुठे पडणार हे त्याला कळतं. मुलांना वर्गात हा भाग वाचून दाखवते तेव्हा येवल्याकडची मुलं माना डोलावतात. आमच्या गल्लीतही असा एक आहे, म्हणतात. (जाता जाता: तो काचेचा मांजाही बोटं कापतो, पण नायलॉनचा गळा कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला तो चोरून विकला जातोच. तुमच्या मुलाच्या फिरकीवर काय गुंडाळलंय ते हात लावून बघा.)

आमीर स्पर्धा जिंकतो. शेवटचा निळा पतंग आणायला हसन धावतो. एका बोळात आसेफ नावाचा उर्मट, श्रीमंत मुलगा आणि त्याचे साथीदार त्याला गाठतात. पतंग दे, नाहीतर किंमत मोज. हसन पतंग देत नाही, कारण तो आमीरचा आहे. मग आसेफ त्याच्यावर बलात्कार करतो. आमीर कोपऱ्यावरून ते पाहतो आणि मागच्या मागे पळून जातो. नंतर तोच निळा पतंग घेऊन तो बापासमोर उभा राहतो आणि बाप त्याला आयुष्यात पहिल्यांदा असा कवटाळतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रसंग बलात्काराइतकाच त्या मिठीबद्दल आहे. जे प्रेम त्या मुलाला जन्मतःच मिळायला हवं होतं ते त्याने कमावलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकराने मोजली. आमीर दुष्ट नाही. तो घाबरला हे खरं, पण तो स्वतःच पुढे कबूल करतो की भीती हे निम्मंच कारण होतं. बापाकडे जायचं तर पतंग हवा होता, आणि पतंगाच्या वाटेत हसन होता. बारा वर्षांच्या पोराने हा हिशेब केला, कारण घरात हिशेब होता.

आपल्या घरातला निळा पतंग कुठला ते प्रत्येकाने आपापलं ओळखावं. कॉलेज रोडवरच्या क्लासच्या बाहेर निकालाच्या दिवशी उभे राहिलात तर बरेच दिसतील. मुलगा गाडीजवळ येतो तेव्हा आधी वडिलांच्या चेहऱ्याकडे बघतो, मग टक्के सांगतो. टक्के चांगले असतील तर वडील खांद्यावर हात टाकतात. चांगले नसतील तर गाडी सुरू करतात. हात टाकणं चांगलंच, पण दुसऱ्या दिवशीही टाका, टक्के कमी असतानाही टाका. ज्या मुलाला आपलं घरातलं स्थान दर परीक्षेला नव्याने मिळवावं लागतं, तो मित्राची वही लपवतो, कॉपी करणाऱ्याबद्दल गप्प बसतो, वर्गातल्या दुबळ्या मुलाला बाकीचे छळत असताना मान फिरवतो. ही मुलं मी पाहिली आहेत. वाईट मुलं नव्हती ती.

आता त्या बोळातल्या प्रसंगाबद्दल मुलांशी कसं बोलायचं? स्पष्ट बोला. 'त्याच्यासोबत काहीतरी वाईट झालं' असं म्हणून पुढे सरकू नका; मुलाने ते वाचलेलं आहे आणि त्याला शब्द हवे आहेत. मुलग्यांवरही लैंगिक अत्याचार होतात, हे आपल्याकडे अजून घरात बोललं जात नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. असा गुन्हा घडल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ हवा. हे सगळं एका बैठकीत ओतू नका. पण हसनच्या निमित्ताने एवढं नक्की म्हणा: 'तुझ्याबाबतीत किंवा तुझ्यासमोर असं काही झालं आणि तू घाबरून पळालास, तरीही घरी येऊन सांग. पळालास म्हणून मी रागावणार नाही.' हे शेवटचं वाक्य सोडू नका. पाहणारं मूलही मोडतं. आमीर त्या बोळातून पळाला तो पुढची पंचवीस वर्षं पळतच राहिला.

या प्रसंगाची धग किती खरी होती ते चित्रपटाच्या वेळी दिसलं. २००७ मध्ये तो प्रदर्शित होणार होता, आणि त्यात काम केलेली मुलं काबूलचीच होती. अशा दृश्यामुळे या मुलांच्या जिवाला धोका होईल, त्यांच्या घराण्यांना ते आयुष्यभर चिकटेल, अशी भीती निर्माण झाली. प्रदर्शन लांबवून त्या मुलांना आधी संयुक्त अरब अमिरातीत हलवावं लागलं. बळी पडलेल्याचंच नाक कापलं जातं असं मानणारा समाज हसनला गप्प बसवतो, आणि त्याची भूमिका करणाऱ्या पोराला देश सोडायला लावतो. आपणही 'घरातली गोष्ट घरात' म्हणतो तेव्हा याच वाटेने चालतो.

दुसरी गोष्ट हसनची. हजारा लोकांवर १८९० च्या दशकात अफगाणिस्तानचा तेव्हाचा राजा अमीर अब्दुर रहमान याच्या फौजांनी केलेल्या कत्तली आणि १९९८ च्या ऑगस्टमध्ये मझार-ए-शरीफमध्ये तालिबानने केलेलं हत्याकांड यांच्या मधोमध हसनचं छोटं आयुष्य आहे. आमीर त्याच्याबरोबर खेळतो, त्याला गोष्टी वाचून दाखवतो, पण इतर मुलं आली की त्याला खेळायला बोलावत नाही. हसनला वाचता येत नाही याची तो मजा घेतो. हसन माझा मित्र आहे असं त्याला मनातसुद्धा नीट म्हणता येत नाही.

हे वाचून आपली मुलं म्हणतात, 'किती वाईट लोक होते ते.' तेव्हा त्यांना आपल्या स्वयंपाकघरात न्या. कामाला येणाऱ्या मावशी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मुलीला सोबत घेऊन येतात. ती आणि तुमची मुलगी गॅलरीत सागरगोटे खेळतात, एकमेकींच्या वेण्या घालतात. चहाच्या वेळी मावशींचा कप येतो तो ओट्याच्या टोकाला, खिडकीत उपडा घातलेला, दांडी तुटलेला किंवा स्टीलचा. मुलीला बिस्किट मिळतं, पण जमिनीवर बसून. तुमची पाच वर्षांची मुलगी विचारते, 'ती माझ्याजवळ सोफ्यावर का नाही बसत?' आपण म्हणतो, 'तिला तिथेच आवडतं.' दहाव्या वर्षी ती विचारायची थांबते. आमीर असाच घडतो. त्याला कुणी द्वेष शिकवला नव्हता, फक्त कपाची जागा दाखवली होती. ही जागा बदलायला कादंबरी संपायची वाट पाहायची गरज नाही.

आणि आता बाबा. बाबाचं एक तत्त्व असतं: जगात पाप एकच, चोरी, बाकी सगळी पापं तिचीच रूपं. खोटं बोललं की समोरच्याचा सत्यावरचा हक्क चोरला. मुलाला तो हे ठणकावून सांगतो. पुढे अपराधाच्या ओझ्याखाली दबलेला आमीर हसनला घरातून घालवण्यासाठी आपलं घड्याळ आणि पैसे त्याच्या गादीखाली ठेवतो. हसन आळ स्वतःवर घेतो. चोरी हेच एकमेव पाप मानणारा बाबा त्याला तिथल्या तिथे माफ करतो, आणि अली-हसन घर सोडून निघतात तेव्हा ढसाढसा रडतो. मुलाला काही कळत नाही. ते त्याला कळतं पंचवीस वर्षांनी, बाबा आणि हसन दोघेही गेल्यावर: हसन बाबाचाच मुलगा होता. अलीच्या बायकोपासून झालेला. ते दोघे भाऊ होते.

ज्याने चोरीची व्याख्या शिकवली त्यानेच दोन मुलांकडून भाऊ चोरला, अलीकडून अब्रू चोरली. म्हणून बाबा ढोंगी होता, असं मुलं पटकन म्हणून टाकतात. मला ते पटत नाही. तो आतून पोखरलेला होता. अनाथाश्रम बांधत होता, हसनचा फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने शिवून देत होता, वाढदिवस विसरत नव्हता. सगळं केलं, फक्त सांगितलं नाही. आणि न सांगितल्यामुळे आमीरवर त्याचा राग का असतो हेही कुणाला कळलं नाही. घरातल्या मुलाकडे बघितलं की बाहेर ठेवलेला आठवायचा.

प्रत्येक घरात एवढं मोठं गुपित नसतं. पण मुलाचं दत्तक असणं, वडिलांचं पहिलं लग्न, आजोबांनी बुडवलेली जमीन, काकाची दारू, आत्याने केलेली आत्महत्या जिला आपण 'अपघात' म्हणतो, या गोष्टी मराठी घरांतही भिंतीत चिणलेल्या असतात. मुलं त्या भिंतीला टेकून वाढतात. कधी सांगायचं, किती सांगायचं, हे वयानुसार ठरवावं. पण सांगायचंच आहे हे आधी ठरवा. आणि ते तुमच्या तोंडून, तुम्ही असताना कळू दे, म्हणजे त्यांना तुमच्याशी भांडता तरी येईल. आमीरला बाबाशी भांडताही आलं नाही.

या पुस्तकात बापापेक्षा मला जवळचा वाटतो तो रहीम खान. बाप मुलाबद्दल वाकडं बोलतो तेव्हा तो त्याला अडवतो. आमीरने लिहिलेली पहिली गोष्ट बाबा वाचत नाही, रहीम खान वाचतो आणि त्याबद्दल त्याला पत्र लिहितो. आमीरच्या वाढदिवसाला तो त्याला बाजूला घेऊन सुचवतो की काही सांगायचं असेल तर मला कधीही सांग. आमीर सांगण्याच्या अगदी काठावर येतो आणि परततो. एवढी फट जरी आधी पडली असती तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. तुमच्या मुलाच्या आयुष्यात असा एक मामा, एक मावशी, एक शिक्षक असू द्या, आणि त्यांच्यात काय बोलणं झालं हे खोदून विचारू नका.

मग येतं निर्वासितपण. १९८१ मध्ये बाप-लेक रात्री ट्रकमधून काबूल सोडतात. पेशावरमार्गे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला पोचतात. काबूलचा धनाढ्य व्यापारी आता पेट्रोलपंपावर काम करतो, सुट्टीच्या दिवशी मुलाबरोबर जुन्या बाजारात लोकांनी टाकलेल्या वस्तू विकतो. सरकारी मदतीची कुपनं तो परत करतो. सगळं गेल्यावर हा बाप आपल्या मुलाला प्रथमच नीट पाहतो. ही पानं वाचताना मला वाटतं, लेखकाने आपलं काळीज इथे ओतलं आहे.

हे फ्रीमाँट आपल्यापासून लांब नाही. फाळणीनंतर अख्खा सिंध पाकिस्तानात गेला. पंजाबसारखा त्याचा अर्धा भागही इकडे आला नाही. १९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगे झाले आणि सिंधी हिंदू बोटींनी मुंबईला येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या छावण्यांच्या बराकी रिकाम्या होत्या. कल्याण, कोल्हापूरजवळचं वळिवडे, पिंपरी, आणि आपलं देवळाली. कापडाच्या, तागाच्या आडोशांनी एकेका बराकीत कुटुंबं वाटली गेली. आज देवळाली कॅम्पात, नाशिकरोडला ज्यांची मोठी दुकानं आहेत त्यांतल्या कितीतरी घरांची सुरुवात तिथली आहे.

माझ्या वर्गातल्या अशाच एका घरातल्या मुलाला मी आजीशी बोलून यायला सांगितलं. त्याला दुकान माहीत होतं, रेल्वेचा डबा माहीत नव्हता. त्याचे पणजोबा गाडीत गोळ्या-बिस्किटं विकायचे. सिंधमध्ये त्यांची हवेली होती आणि स्वतःच्या हाताने पाणीसुद्धा घ्यायची सवय नव्हती. आजी लहान होती, बरणी धरून डब्याच्या दाराशी बसायची. ओळखीचा सिंधी माणूस डब्यात दिसला की वडील बरणी तिच्या हातात देऊन पुढच्या डब्यात सरकायचे, हे तिने नातवाला सांगितलं. मुलाने विचारलं, 'आजी, हे आधी का नाही सांगितलंस?' ती म्हणाली, 'तुझ्या बाबांनी कधी विचारलं नाही.' तिच्या मुलाने विचारलं नाही, कारण त्याला वाटत होतं आईला त्रास होईल. आईने सांगितलं नाही, कारण तिला वाटत होतं मुलाला कमीपणा वाटेल. असं एकमेकांना जपता जपता साठ-सत्तर वर्षं गेली.

निर्वासित म्हणजे केवळ इतिहास नव्हे, हेही मुलांना कळू द्या. सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या पुणे विद्यापीठात कित्येक वर्षं अफगाण मुलं-मुली शिकायला येत आहेत. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं तेव्हा ही मुलं पुण्यात खोलीवर बसून घरचा फोन लागतो का ते बघत होती. आपल्याच जिल्ह्यात आसऱ्याला आलेले अफगाण सूफी धर्मगुरू ख्वाजा सय्यद झरीफ चिश्ती यांची ५ जुलै २०२२ रोजी येवल्यात गोळी झाडून हत्या झाली. बातमी दोन दिवस चालली. 'ते इथे का आले होते?' हा प्रश्न मुलांनी विचारला, मोठ्यांनी फारसा विचारला नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे असा माणूस इथे राहतो तो कागदापेक्षा शेजाऱ्यांच्या भरवशावर. शेजारी म्हणजे आपण.

एक शेवटचा इशारा, तो मात्र विसरू नका. पुस्तकाच्या उत्तरार्धात हसनचा अनाथ झालेला मुलगा सोहराब आमीरच्या हाती येतो. तुला पुन्हा अनाथाश्रमात पाठवणार नाही, असं वचन आमीर त्याला देतो. मग दत्तकाची कागदपत्रं अडतात, वकील सल्ला देतो, आणि आमीर मुलाला सांगतो की थोड्या दिवसांसाठी कदाचित जावं लागेल. सोहराब न्हाणीघरात जाऊन स्वतःला संपवायचा प्रयत्न करतो. तो वाचतो, पण पुढे कित्येक महिने एक शब्द बोलत नाही. तुमचं मूल आधीच खचलेलं असेल, घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर ही पानं त्याला एकट्याने वाचू देऊ नका. त्या संध्याकाळी घरी थांबा. आणि 'दहावी झाली की नक्की नेतो', 'यंदा बदली होणार नाही, शाळा बदलावी लागणार नाही', अशी जी वचनं आपण मुलाला गप्प करण्यासाठी देतो, ती देण्याआधी आपल्याला पाळता येतील का ते बघा. पाळता आली नाहीत तर का नाही आली ते त्याच्याजवळ बसून सांगा. आमीरने ते घाईत सांगितलं होतं, वकिलाकडून परतल्यावर, स्वतःच्याच काळजीत बुडालेला असताना.

दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तक वाचनालयातून आणा. आधी तुमचं वाचून होऊ दे, मग मुलाच्या टेबलावर उघडपणे ठेवा. घरात आजी-आजोबा असतील तर त्या सुट्टीत मुलाला त्यांच्याजवळ बसवा, तुम्हीही बसा, आणि जे तुम्ही त्यांना कधी विचारलं नाही ते विचारा.